सहा अक्षरांपुढचा ऑक्टोबर

नसीमा मॅडमचं नाव आधी घेतो, बाकीचं मग. नसीमा मुकादम, राहणार उरण, नोकरी कंप्युटर पुरवणाऱ्या कंपनीत. आमच्या रंगाच्या कारखान्यात त्या वर्षी जे झालं ते कुणाला सांगायला बसलो की मी हवा कशी होती, भात कुठवर आलं होतं, असं भलतीकडूनच सुरू करतो आणि त्यांचं नाव शेवटी कुठेतरी येतं, ऐकणारा कंटाळल्यावर. या वेळी तसं नको. माझी नोकरी त्यांच्यामुळे राहिली. कशी राहिली ते सांगतो, पण हवेचं टाळता येईल असं वाटत नाही.

कारण ऑक्टोबर यंदाही तसाच आलाय. ठाणे-बेलापूर रस्त्याचं डांबर दुपारी मऊ पडतं, सायकलचं चाक त्याला चिकटून सुटतं तेव्हा बारीक चुटचुट ऐकू येते. नाल्याच्या पाण्याला कधी निळी झाक, कधी तांबूस. शिरवण्यात मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहतो त्या म्हात्र्यांचं लवकर येणारं हळवं भात पिवळं पडलंय. शेत कागदावर त्यांचं नाही. जमीन सरकारनं कधीच घेतली, नकाशात तिथे तीन मजली इमारती आहेत. पण इमारत उभी राहीपर्यंत माती रिकामी कशाला ठेवायची म्हणून म्हात्रे पेरतात, दर वर्षी 'यंदाचं शेवटचं' म्हणत. मी आल्यापासूनचं हे दहावं शेवटचं भात.

आमच्या परभणीकडे या दिवसांत हवा कोरडी होते, घाम येतो तोही लगेच वाळतो. इथे घाम आला की मुक्कामाला राहतो. रंगाच्या पॅकिंग खात्यात होतो तेव्हा तो घाम रंगीत असायचा. मी पिवळ्यावर होतो. कितीही अंघोळ करा, उशीच्या अभ्र्यावर सकाळी डोक्याएवढा पिवळा गोल. गावाला गेलो तर आई म्हणायची, "कावीळ झाली का रे तुला?" तिला सांगितलं, रंगाचा कारखाना आहे. ती म्हणाली, "मग लुगडी तरी आण."

पॅकिंगमधून मी कंप्युटरच्या खोलीत गेलो तो टायपिंगमुळे. वाशीला एका क्लासात सुट्टीच्या वेळी शिकलो. इंग्रजी मला समजत नव्हतं, पण बोटांना अक्षरं कुठे आहेत ते पाठ झालं, आणि समजत नसल्यामुळे मी मध्ये थांबत नसे. स्पीड चांगला पडला. कारखान्यात मशीन आलं तेव्हा साठे साहेबांनी, म्हणजे त्या खात्याच्या साहेबांनी, माझी परीक्षा घेतली, समाधानानं मान हलवली आणि विचारलं, "दहावी झालायस ना?"

मी म्हणालो, "हो साहेब. सर्टिफिकेट गावाला आहे."

असं काही ठरवून आलो नव्हतो. प्रश्न आला आणि तोंडातून उत्तर निघून गेलं. बहात्तरच्या दुष्काळात आठवीचं वर्ष अर्धं झालं असताना मी आईबरोबर खडी फोडायला गेलो. दुष्काळ संपला, शाळा परत सुरू झाली नाही. साहेबांनी रजिस्टरात माझ्या नावापुढे 'सर्टिफिकेट नंतर' असं लिहिलं. ते 'नंतर' चार वर्षं तिथे बसून होतं. रजिस्टर कुणी उघडलं की मी पाणी प्यायला उठायचो. दर वेळी गावाहून परत आलो की साहेब आज विचारणार असं वाटायचं. ते विचारायचे, "पाऊसपाणी कसं आहे तिकडे?"

कंप्युटरच्या खोलीत ऑक्टोबर नसायचा. दाराबाहेर चपला काढायच्या, आत पाय टाकला की गार लादी. यंत्राला गारवा लागतो म्हणून मशीनसाठी एसी होता, आम्हाला तो फुकटात. प्लँटमधले लोक काहीतरी निमित्त काढून यायचे, दोन मिनिटं नुसते उभे राहायचे, विचारलं तर म्हणायचे, "ते चलन पोचलं का बघायला आलो." त्यांच्या पायांचे निळे-लाल ठसे लादीवर राहायचे. आम्ही आठ जण. प्रत्येकापुढे एक टर्मिनल, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. सकाळी आल्यावर आपलं नाव टाइप करायचं, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना काचेवर काही उमटत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं की यंत्र बिघडलं.

नसीमा मॅडम तेव्हा पहिल्यांदा आल्या, आम्हाला शिकवायला. वयानं माझ्याएवढ्याच. सुती साडी, हातात पुरुषी घड्याळ, डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळा. बोलायच्या भरभर. "कमीत कमी सहा अक्षरं पाहिजेत. कुणाला सांगायचं नाही. आणि दुसऱ्याच्या बोटांकडे बघायचं नाही," असं म्हणून त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. मला ते फार विशेष वाटलं. आमच्या आयुष्यात झाकून ठेवावं असं काही असेल, याची आधी कुणी दखल घेतली नव्हती.

मी आईचं नाव टाकलं. धुरपा. इंग्रजीत मोजली तर बरोब्बर सहा अक्षरं होतात. आईला मी कधी नावानं हाक मारलेली नाही, मारणार तरी कशी. पण तेव्हापासून रोज सकाळी नऊला, खाडीच्या या काठाला, तिच्या नावानं माझं कुलूप उघडू लागलं. काचेवर ते दिसत नसे, ते बरंच होतं.

आता चूक कशी झाली ते सांगतो. चूक सगळ्यांची होती, त्यामुळे ती चूक आहे हे कुणाला कळलं नाही.

मॅडम शिकवून गेल्यानंतर काही महिन्यांनी साठे साहेबांनी नोटीस लावली: दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकानं पासवर्ड बदलावा आणि बदलल्याची सही रजिस्टरात करावी. बदलायचा कसा, ते नोटिशीत नव्हतं. साहेबांना विचारायची कुणाची छाती नव्हती. मी रमाकांत म्हात्रेला विचारलं. हा माझ्या घरमालकांचा मुलगा, शेजारच्याच टर्मिनलवर. तो म्हणाला, "त्यात काय हाय? नावाच्या म्होरं म्हयन्याचं नाव लाव. दर म्हयन्याला आपोआप बदलतंय." मी आईच्या नावापुढे त्या महिन्याचं नाव टाइप केलं. उघडलं. पुढच्या एक तारखेला पुढच्या महिन्याचं. उघडलं. आम्ही आठही जण तेच करू लागलो आणि दर महिन्याला छातीठोकपणे सही करू लागलो. चार वर्षं. यंत्राला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं की पासवर्ड बदललाय. आम्ही फक्त निराळं टाइप करत होतो, आणि ते आम्हाला आत घेत होतं. शहाणं यंत्र आहे, त्यालाही महिना कळतो, अशी माझी समजूत होती.

शहाऐंशीच्या सप्टेंबरात मॅडम परत आल्या, बरोबर टेपांची पेटी. मशीनच्या पोटातली जी मूळ व्यवस्था, जिच्यावर बाकी सगळं चालतं, तिची नवी आवृत्ती बसवायची होती. आठवडाभर त्या एकट्याच मागच्या खोलीत होत्या. बाहेर यायच्या तेव्हा गारठलेल्या असायच्या आणि दारात उन्हात उभ्या राहायच्या. तीस तारखेला आम्हा आठ जणांना बोलावून म्हणाल्या, "फायली सगळ्या नव्यात आल्या. तुमचे पासवर्ड येत नाहीत."

"का नाय येत?" म्हात्रे म्हणाला. "उचलून टाका की."

"उचलायला ते तिथं नाहीतच," मॅडम म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, "गिरणी बघितलीत ना? तुम्ही पासवर्ड दिला की यंत्र तो ठेवत नाही, दळतं आणि पीठ ठेवतं. रोज तुम्ही दाणे देता, ते पुन्हा दळून आधीच्या पिठाशी ताडून बघतं. पिठावरून दाणे मलापण कळत नाहीत, साहेबांनापण नाही. आता गिरणी बदलली. ही बारीक दळते. जुनं पीठ हिच्याशी जुळणार नाही. म्हणून उद्या प्रत्येकानं एकदा आपले दाणे घेऊन यायचं. मी दोन्ही गिरण्या चालू ठेवलेल्यायत. जुनी आधी ताडून बघेल, माणूस तोच आहे ना. पटलं, की तेच दाणे नवी दळून ठेवेल. पंधरा दिवसांनी जुनी बंद."

"आनि नाय पटलं तर?"

"तीन वेळा चुकलं तर नाव बंद. मग नव्यानं फॉर्म."

फॉर्म साहेबांच्या टेबलावर गठ्ठ्यानं आलाच होता. नव्या आवृत्तीबरोबर वरच्या ऑफिसनं नवे नियमही केले होते. नाव, टोकन नंबर, खातं, शिक्षण, सोबत दहावीच्या सर्टिफिकेटची प्रत, खातेप्रमुखाची सही. ज्यांचं जुनं नाव सरळ नव्यात जाईल त्यांना फॉर्म नाही. मी तो फॉर्म उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि मनाशी म्हटलं, आपण काही चुकायचं नाही.

एक ऑक्टोबरला मॅडम वही घेऊन उभ्या होत्या. "आज जुनाच पासवर्ड टाका. आज काही बदलायचं नाही," त्यांनी बजावलं. एक तारीख म्हणजे आमचा महिना बदलायचा दिवस. बाकीच्या सात जणांनी सवयीनं ऑक्टोबर लावला, त्यांच्या लेखी ते बदलणं नव्हतंच, रोजचंच होतं. मी भित्रा माणूस. मी शब्दन् शब्द पाळला. जुना म्हणजे जुना, म्हणून आईच्या नावापुढे सप्टेंबर टाइप केला. मॅडमनी खिडकीकडे तोंड केलं होतं. उघडलं. त्यांनी माझ्या नावापुढे खूण केली, आणि मला वाटलं आपण नदी ओलांडून आलो.

दोन तारखेला गांधी जयंतीची सुट्टी. म्हात्र्यांच्या शेतात कापणीला गेलो. मला भाताची सवय नाही, ज्वारीची आहे; ज्वारीला उभं राहून भिडता येतं, भातापुढे सारखं वाकावं लागतं. रमाकांतची आई माझ्या हातातला विळा सरळ करत म्हणाली, "आरं, इला असा नाय धरायचा, बोटां जातील तुजी. मंग काय टाइप करशील?" बांधावर बसून कांदा-भाकर खाल्ली. समोर खाडीच्या अंगाला पाणी चकाकत होतं, बगळे होते. कापलेल्या भाताचा ओला, गोडसर वास हाताला लागला तो साबणानंही गेला नाही. त्या दिवसाइतका निवांत मी इथे आल्यापासून कधी नव्हतो. म्हणून तो दिवस आठवतो. काही झालं नव्हतं, तरी.

तीन तारखेला सकाळी नऊला मी आईच्या नावापुढे ऑक्टोबर टाइप केला. बदलाबदली परवाच संपली होती, आता महिन्याप्रमाणे चालायला हरकत नव्हती.

उघडलं नाही.

बोट घसरलं असेल. हात पुसले, एकेक अक्षर सावकाश दाबलं, नाव, महिना. नाही. काचेवर एक ओळ आली. इंग्रजी मला येत नव्हतं तरी ती ओळ कळली.

मी कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले. एक संधी उरली होती. आजूबाजूला सातही जणांची टकटक चालू होती. त्यांचं सगळ्यांचं उघडलं होतं. साठे साहेब दारातून डोकावले. "वाघमारे, डिस्पॅचची यादी चारपर्यंत टेबलावर. ट्रक उभे आहेत."

"हो साहेब."

मग मी चलनं लावत बसलो. लावलेली चलनं विस्कटली आणि परत लावली. माणूस घाबरला की त्याला किती काम सुचतं! टर्मिनलवरची धूळ पुसली. पंचिंग मशीनमधली कागदाच्या टिकल्यांची पेटी रिकामी करून आलो. म्हात्रे बघत होता.

"काय रं वाघमारे, आज कीबोर्डात विंचू हाय का? हात नाय लावत."

"चलनं राहिलीत."

"दोन तास चलनांना गोंजारतंस. अडलं आसंल तर माज्या नावानं बस. माजा पासवर्ड सगल्यांना म्हाइत हाय, बायकोचं नाव, म्होरं ऑक्टोबर."

"नको."

"नको तं नको. तुजा पासवर्ड म्हंजे काय देवाचा डबा हाय, उगडला तं विटालंल!"

त्याच्या नावानं बसलो असतो तर यादी झाली असती. पण कुणी विचारलं असतं, तुझं काय झालं? आणि त्या प्रश्नामागे फॉर्म होता, फॉर्मामागे साहेब, साहेबांमागे 'सर्टिफिकेट नंतर'. खोटं बोलून चार वर्षं नोकरी केली म्हणून मला पॅकिंगला परत पाठवतील की गेटबाहेर, एवढाच हिशेब मी करत होतो. पॅकिंग चाललं असतं. पिवळी उशी चालली असती.

साडेबाराला सगळे जेवायला गेले. मी बसून राहिलो. मॅडम लवकर परत आल्या, चपला काढल्या, मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वाघमारे, तुमच्या नावासमोर दोन चुका दिसतायत. तिसरी करू नका."

मी उभा राहिलो.

"बसा हो. विसरलात का?"

"नाही मॅडम. विसरण्यासारखा नाही."

"विसरलात तरी काय? फॉर्म भरू, पाच मिनिटांचं काम. टेन्शन कशाला घेता?"

"फॉर्म नको."

"का?"

मी म्हणालो, "मॅडम, माझी दहावी नाही. आठवीत सोडली शाळा."

त्या म्हणाल्या, "फॉर्म आले तेव्हा तुमचं सर्टिफिकेट गावाला आहे असं साहेब म्हणत होते."

"गावाला काही नाही. गावाला आई आहे."

हे मी त्यांना का सांगितलं, कोण जाणे. त्या आमच्या कंपनीच्यासुद्धा नव्हत्या. त्यांच्याकडून उपदेश नाही, अरेरे नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि एखादं बिघडलेलं यंत्र तपासावं तशा सरळ आवाजात म्हणाल्या, "परवा चाललं. बरोबर? आज तोच टाकलात?"

"हो. म्हणजे परवा जुना टाकला, तुम्ही सांगितलं म्हणून. आज बदलला."

"बदललात? आत न जाता?"

"हो."

"कसा?"

"महिना बदलून."

"कुठला महिना?"

मी सगळं सांगितलं. नाव, पुढे महिना, एक तारीख, सही. त्यांनी विचारलं, "आणि बदलायची कमांड?"

"कसली कमांड?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग हसायला आलं त्यांना, पण ते त्यांनी अर्ध्यावर थांबवलं. "किती दिवस चाललंय हे?"

"चार वर्षं. सगळेच करतात."

त्या उठून मागच्या खोलीत गेल्या, एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आल्या, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "जुन्या गिरणीच्या तोंडात सहाच दाणे मावायचे, वाघमारे. सातवा बाहेर सांडायचा. तुम्ही महिना लावा नाहीतर शिवी लावा, तिला फक्त पहिली सहा अक्षरं दिसत होती. नवीच्या तोंडात आठ मावतात. परवा तुम्ही जे टाकलंत त्यातली आठ तिनं दळली. नाव आणि पुढे महिन्याची दोन अक्षरं. आता तेच द्यायला लागेल. परवाचंच."

"सप्टेंबर?"

"मला सांगू नका," असं म्हणून त्या उठल्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

शेवटची संधी. आईचं नाव टाइप केलं. मग सप्टेंबर. एकेक अक्षर, जसं क्लासात पहिल्या दिवशी शिकवतात तसं. बटण दाबायच्या आधी मी त्यांच्या पाठीकडे बघितलं. त्या बाहेरच्या उन्हाकडे बघत होत्या, घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत.

उघडलं.

"झालं," मी म्हणालो.

"मग यादी करा. चार वाजता द्यायचीय ना?" त्या वळल्या. "फॉर्मचा प्रश्नच नाही. पासवर्ड हरवलेला नव्हता."

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती आणि मला ती इथेच संपवायला आवडतं. पण पुढचं सांगितल्याशिवाय त्यांचं नाव आधी घेण्यात अर्थ नाही.

यादी घेऊन मी चारला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा मॅडम आधीच तिथे होत्या. साहेब लाल झाले होते. "म्हणजे चार वर्षं इथे कुणी पासवर्ड बदललाच नाही? मग मी दर एक तारखेला सह्या घेतो त्या कसल्या?"

"आता कळलं ते बरं झालं सर. नाहीतर पुढच्या एक तारखेला सगळ्यांनी नोव्हेंबर लावला असता आणि सगळी खोली बंद पडली असती."

"लक्षात कुणाच्या आलं? कुणाचा अडकला?"

मी दारात होतो. हातात यादी. मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या लक्षात आलं, मशीनवरच्या नोंदी तपासताना. चूक माझीच आहे सर. सहा अक्षरांचं पुस्तकात लिहिलंय, मी वाचलंही होतं. आणि शिकवताना कमांड दाखवायची राहिली."

"राहिली म्हणजे? मला हे तुमच्या कंपनीला कळवावं लागेल."

"कळवा."

"वाघमारे, तू काय उभा आहेस? ठेव ती तिथं आणि जा."

मी यादी ठेवली आणि गेलो. एवढंच केलं. साहेब, अडकला तो माझा, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते तसंच घेऊन मी जागेवर येऊन बसलो. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या असं नाही. कमांड दाखवायची राहिली होती हे खरंच होतं. पण साहेबांनी आमच्यापैकी कुणाचं नाव ऐकलं असतं तर राग आमच्यातही वाटला गेला असता, आणि ते रजिस्टर उघडलं गेलं असतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं.

पुढचे दोन दिवस त्यांनी आठही जणांना एकेक करून बसवलं आणि पासवर्ड खरा कसा बदलायचा ते शिकवलं. यंत्र आधी जुना मागतं, मग नवा, मग नवा पुन्हा एकदा. म्हात्रे म्हणाला, "मॅडम, येवरी चौकशी तं लग्नात पन नाय करत." त्या हसल्या आणि खिडकीकडे वळल्या. साहेबांची चिठ्ठी त्यांच्या कंपनीला गेली होती. ती मीच टाइप केली. साहेबांनी इंग्रजीत मजकूर दिला, मी तो स्पीडमध्ये उतरवला, एकही चूक न करता.

काम संपलं त्या दिवशी मॅडमनी मला एक घडी घातलेला कागद दिला. "सतरा नंबरचा फॉर्म. शाळेत न जाता दहावीला बसता येतं. माझा चुलतभाऊ असाच बसला. शाळा सोडल्याचा दाखला लागेल." आणि मग, चेहरा अगदी सरळ ठेवून, "तो तरी गावाला आहे ना?"

"तो आहे," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसलो.

त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या जागी दुसरा इंजिनिअर येऊ लागला. त्याच्याकडून कळलं की आमच्याकडच्या चिठ्ठीवरून बरीच विचारपूस झाली. त्यांना इथल्याच ऑफिसात मोठ्या जागेवर घेणार होते, घरून जाता-येता आलं असतं. ते राहिलं. बडोद्याला पाठवलं. "एकट्याच असतात तिकडे," तो म्हणाला, टेप लावता लावता. मी विचारलं, जेवणाचं काय करतात? त्याला माहीत नव्हतं. बडोद्याला जवळा मिळत नसावा.

आता या ऑक्टोबरात परत टेपांची पेटी आलीय. आणखी एक नवी आवृत्ती. या वेळी गिरणी तीच आहे, पासवर्ड जसेच्या तसे जाणार आहेत, कुणाला काही करायला नको. खोलीत कुणाला आता तो आठवडा आठवतही नाही. मला मात्र दारातून उन्हाची तिरीप लादीवर पडली की कुणीतरी तिथे गारठलेलं उभं आहे असं वाटतं.

सतरा नंबरचा तो फॉर्म ट्रंकेत पडून पडून घडीवर फाटला. यंदा नवीन आणला, भरला. मार्चला बसतो आहे. भूमिती डोक्यात शिरत नाही. इंग्रजी आता थोडं कळतं, त्यामुळे टायपिंगचा स्पीड कमी झालाय. रमाकांतची आई रोज विचारते, "झाला का रं तुजा अभ्यास?" जशी काही भाजी शिजली का विचारावी. नापास होईन ही भीती आहेच, ती मला कशाचीही असते. झालो तर ऑक्टोबरात परत बसेन.

साठे साहेब मराठी मासिकं वाचत नाहीत, म्हणून हे इथे लिहायचा धीर झाला. पण लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. ज्या दिवशी ते सर्टिफिकेट हातात येईल त्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये जाईन आणि सांगेन: साहेब, शहाऐंशी साली अडकला तो माझा होता, दहावी नाही हे मी लपवलं होतं, आणि तुमची चिठ्ठी ज्यांच्यावर गेली त्यांनी मला झाकलं. दुसरी चिठ्ठी द्या, मी टाइप करतो. साहेब देतील की मला गेटबाहेर काढतील ते माहीत नाही. चिठ्ठी मिळाली तर ती, नाही मिळाली तर माझ्या सहीचा कागद, घेऊन मी बडोद्याला जाईन. मॅडम, तुम्ही तेव्हा जिथे असाल तिथे येईन. तेवढं माझ्यावर राहिलेलं आहे, आणि ते मी फेडणार आहे.